गंजाचा हिशेब



आमच्या वस्तीत एक वेल्डर राहतात. ग्रिल, दरवाजे, लोखंडी जिने करण्यात त्यांची पंचवीस वर्षे गेली. त्यांची थोरली मुलगी रसायनशास्त्र घेऊन एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एका रविवारी सकाळी हे गृहस्थ आमच्याकडे आले. चहा झाला, इकडचे तिकडचे बोलणे झाले. मग म्हणाले, "भाऊ, पोरीला जरा समजावा. आम्ही जन्मभर लोखंडाला गंज चढू नये म्हणून रेड ऑक्साईड मारत आलो. आणि ही कॉलेजात जाऊन गंज बनवते म्हणते! त्याच्यासाठी फी भरायची? त्यापेक्षा आताच कुठे नोकरीला लागली तर काय वाईट?"

आम्हाला हसू आले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. घरात कमावणारा माणूस एक. आई शिवणकाम करते. धाकटा मुलगा बारावीला. अशा घरात एका पोरीच्या शिक्षणाचे आणखी चार महिने म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. बापाचा हिशेब चुकीचा नव्हता. त्या हिशेबात एक रकाना मात्र रिकामा राहिला होता. मुलगी नेमके काय करते हे घरात कोणालाच माहीत नव्हते, आणि कोणी विचारलेही नव्हते.

आम्ही पडलो बी. कॉम. झालेले कारकून. आमची सारी अक्कल जमा-खर्चाच्या वहीतली. तरीही मुलीला बोलावले. ती आली. "जयभीम काका" म्हणाली आणि समोर बसली. आम्ही विचारले, "बाळ, खरेच गंज बनवतेस का?"

ती म्हणाली, "काका, बाबा अर्धे खरे सांगतात. गंज म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन. मी बनवते तेही लोखंड आणि ऑक्सिजनच. पण बाबांचा गंज लाल आणि माझा काळा. बाबांचा गंज चुंबकाला दाद देत नाही, माझा धावत जातो."

मग वडिलांकडे वळून म्हणाली, "बाबा, तापल्या लोखंडावर घण घातला की काळी खपली उडते ना, तिला चुंबक लावून बघा. तिच्यात बराचसा हाच पदार्थ असतो." वडील जरा सावरून बसले. त्यांच्या धंद्यातली गोष्ट निघाली होती.

त्या दिवशी आणि नंतर दोन रविवार आम्ही तिच्याकडून जे समजून घेतले, ते आज वाचकांपुढे ठेवतो.

लोखंड आणि ऑक्सिजन यांची जोडी अनेक प्रकारांनी जमते. लाल रंगाचे हेमाटाईट, तपकिरी मॅग्हेमाईट आणि काळे मॅग्नेटाईट हे त्यातले मुख्य प्रकार. अयस्कांत म्हणून जो नैसर्गिक चुंबक-दगड जुन्या काळापासून माणसाला ठाऊक आहे, तो म्हणजे मॅग्नेटाईट. रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावर काळसर वाळू दिसते. तिच्यात लोहचुंबक फिरवला की त्याला काळ्या मिशा फुटतात. कोकणातल्या मुलांचा हा आवडता खेळ. त्या मिशांतही मॅग्नेटाईटचे कण असतात.

मॅग्नेटाईटचा हिशेब आम्हाला फार आवडला. त्यात लोखंडाचे तीन अणू आणि ऑक्सिजनचे चार. ऑक्सिजनच्या प्रत्येक अणूला दोन इलेक्ट्रॉन हवे असतात, म्हणजे एकूण येणे आठ. लोखंडाच्या तीन अणूंपैकी एक अणू दोन इलेक्ट्रॉन देतो आणि उरलेले दोन अणू प्रत्येकी तीन देतात. दोन अधिक सहा बरोबर आठ. खाते जुळले. दोन देणाऱ्याला फेरस म्हणतात आणि तीन देणाऱ्याला फेरिक. म्हणून प्रयोगशाळेत हा पदार्थ करताना एक वाटा फेरस आणि दोन वाटे फेरिक घ्यावे लागतात. हे वाटे वजनाचे नसून अणूंच्या मोजणीचे असतात. इथे चूक झाली की ताळेबंद जुळत नाही.

कृती ऐकायला सोपी आहे. फेरससाठी फेरस सल्फेट, म्हणजे आपला जुना हिराकस, आणि फेरिकसाठी फेरिक क्लोराईड घ्यायचे. दोन्ही पाण्यात विरघळवायचे आणि द्रावण गरम करून ढवळत राहायचे. मग त्यात अमोनिया सोडायचा. पाहता पाहता पिवळट पाणी काळेभोर होते आणि तळाशी काळा साका बसतो. साका लवकर खाली बसावा म्हणून काचेच्या भांड्याखाली चुंबक धरतात, वरचे पाणी ओततात आणि पुन्हा पुन्हा स्वच्छ पाण्याने धुतात. फ्रान्सचे रेने मासार यांनी १९८१ साली याच मार्गाने चुंबकी द्रव तयार करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आज जगभरच्या कॉलेजांत तिचेच प्रकार चालतात.

यातली खरी करामत आहे आकारात. हे कण नॅनो मापाचे असतात. एका मीटरमध्ये शंभर कोटी नॅनोमीटर. आपल्या डोक्याचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. या मुलीचे कण १० ते १२ नॅनोमीटरचे. डोळ्यांना दिसायचे नावच नको.

एवढे बारीक करून मिळते काय? आम्ही कागद-पेन्सिल घेतली. एक सेंटिमीटर लांबी, रुंदी, उंचीचा ठोकळा घ्या. सहा बाजू, म्हणजे पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. त्याच ठोकळ्याचे १० नॅनोमीटरचे बारीक ठोकळे केले तर माल तेवढाच राहतो, पण एकूण पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो, म्हणजे सुमारे ६,४५० चौरस फूट. मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या मालातून तशा चाळीस खोल्यांची जमीन निघाली! रासायनिक कामे पृष्ठभागावर चालतात. जागा जास्त तर काम जास्त.

आता चुंबकत्वाचे. मॅग्नेटाईटमध्ये लोखंडाच्या अणूंचे दोन गट असतात आणि ते परस्परांविरुद्ध दिशेला ओढतात. रस्सीखेच समजा. फेरिकच्या अणूची ताकद पाच, फेरसची चार. एका गटात एक फेरिक. दुसऱ्या गटात एक फेरिक आणि एक फेरस. पाचाला पाच खाल्ले, उरले चार. त्या उरलेल्या चारांवर मॅग्नेटाईटचे सारे चुंबकत्व चालते. हा हिशेब फ्रान्सच्या लुई नील यांनी १९४८ साली मांडला. चुंबकत्वावरील कामाबद्दल १९७० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मोठ्या तुकड्यात चुंबकत्वाचे अनेक मोहल्ले असतात. प्रत्येक मोहल्ल्याची दिशा वेगळी. बाहेरून चुंबक लावला की ते एका दिशेला वळतात. चुंबक काढला तरी थोडी दिशा शिल्लक राहते. कण बारीक करत गेले की एक वेळ अशी येते की एका कणात एकच मोहल्ला उरतो. आणखी बारीक करून मॅग्नेटाईटचा कण साधारण २०-२५ नॅनोमीटरच्या आत आणला, तर खोलीतली साधी उष्णतासुद्धा त्याची दिशा सारखी उलटीपालटी करते. चुंबक जवळ असेपर्यंत सारे कण एका रांगेत. चुंबक दूर केला की रांग मोडली, एकूण चुंबकत्व शून्य. या स्वभावाला सुपरपॅरामॅग्नेटिझम म्हणतात.

आम्ही म्हणालो, "म्हणजे हा विसराळू चुंबक झाला." मुलगी म्हणाली, "काका, विसरतो हाच त्याचा गुण." तिने कॅसेटचे उदाहरण दिले. १९६३ साली निघालेल्या त्या छोट्या कॅसेटवर आपल्या वस्त्यांनी वर्षानुवर्षे भीमगीते ऐकली. साध्या कॅसेटच्या तपकिरी फितीवर मॅग्हेमाईटच्याच सुयांसारख्या कणांचा लेप असे. ते कण मुद्दाम मोठे आणि लांबट ठेवत, कारण त्यांनी गाणे लक्षात ठेवायचे होते. औषधात किंवा पाण्यात टाकायचे कण मात्र विसरणारे हवेत. चुंबक काढल्यावर ते एकमेकांना चिकटून बसले तर त्यांची गुठळी होईल. पदार्थ जवळजवळ तोच, आकार बदलला आणि काम बदलले.

आता या मुलीची अडचण सांगतो.

तिने पहिल्यांदा प्रयोग केला तेव्हा साका काळा झालाच नाही. तांबूस-तपकिरी झाला. वाळवून चुंबक लावला तर पूड जागची हलली नाही. दुसऱ्यांदा केले, तेच. तिने रात्र रात्र काढली. गणित तपासले, वजने तपासली, सारे बरोबर. इकडे चुंबकत्व मोजायला नमुना दुसऱ्या संस्थेत पाठवायचा, तिथे प्रत्येक नमुन्याचे पैसे पडतात, तारीख ठरलेली. कोणीतरी सल्ला दिला, "मागच्या वर्षीची काळी पूड कपाटात आहे. तीच पाठव. कोण बघतंय?"

घरी बाप म्हणतो सोड. कॉलेजात कोणी म्हणतो दुसऱ्याचे आपले म्हणून दाखव. दोन्हीकडून सोपा रस्ता समोर होता. मुलीने तो घेतला नाही. लाल पूड घेऊन ती सरळ आपल्या मार्गदर्शक बाईंकडे गेली आणि जे झाले ते सांगितले. बाई म्हणाल्या, "हेसुद्धा उत्तरच आहे. वहीत लिही. मग प्रश्न शोध."

प्रश्न सापडला हिराकसच्या बाटलीत. हिराकस ताजा असला की त्याचे स्फटिक फिकट हिरवे दिसतात. ती बाटली जुनी, झाकण सैल. हवा लागून वरचे स्फटिक पिवळट-तपकिरी झाले होते. म्हणजे वजन फेरसचे घेतले, पण त्यातला बराचसा माल आधीच फेरिक झालेला. एकास दोन हे प्रमाण कागदावर राहिले, भांड्यात उरले नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर वहीत शिल्लक दाखवली, पण तिजोरीत रक्कम नव्हती.

तिने नवी बाटली मिळवली. पाणी उकळून त्यातली हवा काढली आणि झाकून थंड केले. प्रयोग चालू असताना भांड्यात नायट्रोजन सोडत राहिली, म्हणजे ऑक्सिजनला आत वाव नाही. अमोनियाचे थेंब पडले आणि पाणी काळे झाले. ती सांगत होती तेव्हा तिच्या आईच्या हातातली सुई थांबली होती.

पुढे तपासण्या. क्ष-किरणांची तपासणी झाली. त्यात रेषा जितक्या रुंद, तितके कण बारीक. हे सूत्र शेरर यांनी १९१८ साली दिले. त्यावरून १० ते १२ नॅनोमीटर हा आकडा निघाला. मग चुंबकत्वाची मोजणी. त्या यंत्रात चिमूटभर पूड एका दांडीच्या टोकाला बसवून मोठ्या विद्युतचुंबकाच्या मध्ये थरथरवतात. चुंबक हलला की शेजारच्या तारेच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते, हा फॅरेडे यांचा १८३१ सालचा शोध. त्या विजेवरून पुडीचे चुंबकत्व कळते. हे यंत्र अमेरिकेच्या सायमन फोनर यांनी १९५०च्या दशकात तयार केले.

आलेख आला. इंग्रजी एस अक्षरासारखी एकच रेघ, मध्ये पोकळी नाही. जाताना आणि येताना वाट एकच. म्हणजे कण विसराळू असल्याची पावती मिळाली. पण कमाल चुंबकत्वाचा आकडा पुस्तकातल्यापेक्षा बराच खाली. मोठ्या मॅग्नेटाईटचा आकडा एका ग्रॅमला सुमारे ९२ एकक असतो. मुलगी पुन्हा घाबरली. बाईंनी समजावले की बारीक कणांचा आकडा कमीच येतो. कणाच्या पृष्ठभागावरचे अणू रांगेत नीट उभे राहत नाहीत, आणि बारीक कणात बरीच वस्ती पृष्ठभागाजवळच. शिवाय हवा लागून थोडे मॅग्नेटाईट मॅग्हेमाईट झालेले असू शकते, आणि क्ष-किरणांच्या साध्या तपासणीत त्या दोघांतला फरक सहज ओळखू येत नाही. मुलीने अहवालात आलेला आकडा आला तसाच लिहिला आणि दोन्ही शक्यता नोंदवल्या.

वडिलांचा शेवटचा प्रश्न उरला होता. "पण याचा उपयोग काय?"

उपयोग पुष्कळ. १९६३ साली अमेरिकेच्या नासा संस्थेत स्टीव्ह पॅपेल यांनी मॅग्नेटाईट दळून दळून चुंबकी द्रव तयार केला. वजनरहित अवकाशात रॉकेटचे इंधन चुंबकाने ओढून आणावे, ही कल्पना होती. करोनाच्या काळात नमुन्यातून विषाणूचे जनुकद्रव्य वेगळे काढायला अनेक यंत्रांत लोह-ऑक्साईडचेच चुंबकी मणी वापरले गेले. फेरुमॉक्सिटॉल नावाचे लोह-ऑक्साईडच्या नॅनोकणांचे औषध अमेरिकेत २००९ साली मूत्रपिंडाच्या जुन्या रुग्णांतील रक्तक्षयासाठी मंजूर झाले.

आम्हाला सर्वांत मोलाचा वाटला तो पाण्यातला उपयोग. बांगलादेश, पश्चिम बंगाल, बिहार या भागांत कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक, म्हणजे सोमलाचे विष, आढळते. पाणी स्वच्छ दिसते, चवही लागत नाही. पण वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या अंगावर काळे डाग पडतात, तळहात-तळपाय राठ होतात, पुढे कर्करोगही होतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिक नसावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आर्सेनिक लोह-ऑक्साईडच्या पृष्ठभागाला धरून बसते. वर सांगितलेल्या चाळीस खोल्या इथे कामाला येतात. अमेरिकेतील ह्यूस्टनच्या राईस विद्यापीठात विकी कोल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवले की मॅग्नेटाईटचे असे बारीक कण पाण्यातले आर्सेनिक धरतात आणि साध्या हाती धरण्याजोग्या चुंबकानेही पाण्याबाहेर ओढता येतात. त्याआधी समजूत होती की एवढ्या बारीक कणांना प्रचंड ताकदीचा चुंबक लागेल. पुढे २०१० साली त्याच गटाने गंज आणि खाण्याचे तेल अशा साध्या वस्तूंपासून हे कण बनवण्याची रीत मांडली. हेतू हा, की वीज नसलेल्या गरीब गावातही ते करता यावेत. आर्सेनिक धरलेली पूड पुढे कुठे टाकायची, हा प्रश्न तरी राहतोच. पण गंज माणसाचा जीव वाचवू शकतो, एवढे सिद्ध झाले.

एक सूचना वाचकांना. हा प्रयोग घरी करू नये. अमोनिया डोळ्यांना आणि छातीला बाधतो. तसेच बाजारात चुंबकाचे कडे, चुंबकाचे पाणी "रक्तातले लोह ओढते" म्हणून विकतात, त्याला भुलू नये. रक्तातले लोह वेगळ्या बांधणीत असते, ते चुंबकाकडे धावत नाही. खरे विज्ञान मोजून दाखवते. ज्याला मोजू द्यायचे नसते, त्याचा माल तपासून घ्यावा.

तिसऱ्या रविवारी मुलीने एका छोट्या बाटलीत पाण्यात मिसळलेली तिची काळी पूड आणली. घरात बिघडलेला स्पीकर होता. वडिलांनी त्याचा चुंबक सोडवला. मुलीने सांगितले की तो चुंबकही लोह-ऑक्साईडपासूनच तयार होतो. वडिलांनी तो बाटलीला लावून धरला. हळूहळू सारे काळे एका बाजूला गोळा झाले आणि उरलेले पाणी नितळ झाले. चुंबक काढून बाटली हलवली, पुन्हा सारे एकसारखे काळे. त्यांनी चार वेळा करून पाहिले. मग बायकोला हाक मारली, "अगं, इकडे ये, बघ." धाकट्यालाही बोलावले.

फीचा विषय त्या दिवशी निघाला नाही. जाताना वडील दाराशी थांबून मुलीला म्हणाले, "त्या लाल पुडीची बाटली टाकली नाहीस ना? तीही आण. मला दोन्ही बघायच्या आहेत."

वाचकहो, आपल्या घरांत आता पहिल्यांदाच एम. एस्सी., पीएच. डी.पर्यंत पोहोचणारी मुले-मुली आहेत. आपण त्यांना मार्क विचारतो, नोकरी विचारतो. ती दिवसभर काय करतात, हे विचारायचे राहून जाते. आपल्याला कळणार नाही, असे आपणच धरून चालतो. वेल्डरला गंज कळतो, शिवणाऱ्या आईला माप कळते, कारकुनाला ताळेबंद कळतो. तेवढ्या शिदोरीवर पुष्कळ समजते. या रविवारी आपल्या मुलाला किंवा मुलीला समोर बसवून विचारा, "काय करतोस रे? काय करतेस गं? मला सांग." आणि ती सांगू लागली की मध्ये बोलू नका.